फूल एक, अंगठे शंभर!

फुलझाडांचा कुठलाही ग्रुप उघडा. सकाळी साडेसहाला पहिला गुलाब हजर. पाठोपाठ ‘शुभ सकाळ’ लिहिलेला दुसरा. सातच्या सुमारास कुणीतरी विचारतं, ‘ताई, माझ्या मोगऱ्याला कळ्याच धरत नाहीत, काय करू?’ आठपर्यंत उत्तरांचा पाऊस पडतो. एक ताई म्हणतात छाटा, दुसऱ्या म्हणतात हात लावू नका, काका सांगतात ताक घाला आणि एक दादा प्रश्न न वाचताच ‘अप्रतिम!’ लिहून मोकळे होतात.

व्हॉट्सअ‍ॅप असो, फेसबुक असो की इन्स्टाग्राम, जगभरच्या फुलवेड्यांचं असंच चालतं. त्यांच्या गप्पांतून फिरणाऱ्या फोटोंच्या आणि फॉरवर्डांच्या मागे बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते आणि गंमत म्हणजे ती फॉरवर्डपेक्षा जास्त चटकदार निघते. त्यातल्याच या काही.

रात्री बाराचं ब्रह्मकमळ

पावसाळ्यात रात्री अकरानंतर ग्रुपला अचानक जाग येते. ‘आमच्याकडे आज सात!’ ‘आमच्याकडे अकरा!’ फुलांसमोर निरांजन, मागे झोपेतून उठवून उभी केलेली नातवंडं. पण हे फूल हिमालयातलं नव्हेच. हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतला निवडुंग आहे. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं झालेलं खोड. म्हणूनच कळी त्या ‘पाना’च्या कडेच्या खाचेतून फुटते आणि त्याचाच तुकडा मातीत खोचला की मूळ धरतो. उमलायला रात्र निवडण्याचं कारणही साधं आहे. पांढरा रंग आणि घमघमाट ही अंधारात उडणाऱ्या पतंगांची सोय.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते उत्तराखंडचं राज्यफूल, सूर्यफुलाच्या कुळातलं आणि तीन हजार मीटरच्या वर वाढणारं. ठाण्याच्या बाल्कनीत ते येणार नाही. मात्र आपल्या निवडुंगासाठी जागरण करणारे आपण एकटेच नाही. इंडोनेशियात त्याला ‘विजयकुसुम’ म्हणतात, श्रीलंकेत ‘कडुपुल’, आणि तिथेही लोक कॅमेरे रोखून बसतात.

पुट्रिशियाची घाई करायची नाही

जानेवारी २०२५. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधलं एक फूल उमलणार होतं आणि त्याच्यावर चोवीस तास कॅमेरा लावला होता. दिवसचे दिवस काहीच घडत नव्हतं. तरी लाखो लोक ते काहीच न घडणं बघत बसले होते. फुलाला सडक्या मांसाचा वास येतो, म्हणून लाडाचं नाव ‘पुट्रिशिया’. कुणी चॅटमध्ये ‘कधी उमलणार?’ विचारलं की बाकीचे दटावत, ‘पुट्रिशियाची घाई करायची नाही!’ एकदाचं उमललं तेव्हा ते बघायला आणि हुंगायला बागेबाहेर रांगा लागल्या. त्या बागेत ही जात पंधरा वर्षांनी फुलत होती आणि बहर जेमतेम दिवसभर टिकतो. त्या वेळी मधला सोट चक्क गरम होतो, त्यामुळे दुर्गंधी दूरवर पोचते आणि मेलेलं जनावर शोधणारे किडे फसून येतात.

हे फूल मूळचं सुमात्रातलं. पण त्याची चुलत भावंडं आपल्या बाजारात भाजी म्हणून विकली जातात. एक सुरण आणि दुसरं शेवळ. पहिल्या पावसानंतर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. ती जुडी म्हणजे त्याच घराण्यातल्या फुलोऱ्यांची. घशाला खाज सुटू नये म्हणून भाजीत काकडं नाहीतर चिंच घालायची, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतंच. सिडनीकर ज्याचा फोटो काढायला रांग लावतात, त्याच्या भावाला आपण खोबऱ्याच्या वाटणात घालतो!

बागकाम केलंत? शिवी दिलीत!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडे बागवेड्यांचा एक फेसबुक ग्रुप आहे, २०२१ मध्ये सुमारे साडेसात हजार सभासदांचा. तेव्हा तिथे कुणीतरी विचारलं, ‘तुमचं सर्वांत आवडतं अवजार कोणतं?’ एकाने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, ‘पुश-पुल हो!’ तण काढायच्या लांब दांड्याच्या अवजाराला इंग्रजीत ‘हो’ म्हणतात. त्याच उच्चाराची एक शिवीही आहे. फेसबुकच्या यंत्राने दोन्हींत फरक केला नाही आणि ‘छळ व दादागिरी’चा ठपका ठेवला. झाडं खाणाऱ्या जपानी भुंगेऱ्यांबद्दल एकाने लिहिलं होतं, ‘सगळ्यांना मारा, साबणाच्या पाण्यात बुडवा!’ यंत्राने तेही हिंसाचारात जमा केलं.

त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरावरही हीच पाळी आली होती. तिथल्या समुद्रकाठच्या प्रसिद्ध टेकाडाचं नावच ‘प्लिमथ हो’. आपल्याच गावातल्या जागेचं नाव लिहिलं म्हणून लोकांच्या पोस्टी उडाल्या. शेवटी फेसबुकने माफी मागितली.

निळ्या गुलाबाचं बी, फक्त ९९ रुपयांत!

जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली आहे. निळा गुलाब, काळा गुलाब, आणि हौस दांडगी असेल तर सप्तरंगी गुलाब. खरी हकीकत अशी की गुलाबात निळ्या रंगाचं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या ‘सनटोरी’ कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक घालून वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाचा गुलाब बाजारात आला. तोसुद्धा निळा कसला, फिका जांभळाच. सप्तरंगी गुलाब तर रंगाऱ्याचं काम. पांढऱ्या गुलाबाचा दांडा उभा चिरायचा आणि एकेक फाक वेगवेगळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची.

दुसरी मेख अशी की संकरित गुलाबाच्या बियांतून आईसारखं रोप येत नाही. म्हणून रोपवाटिकेत रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. ‘विकत आणला तेव्हा लाल होता, आता भलतीच बारीक फुलं येतात’ ही ग्रुपवरची कायमची तक्रारही इथेच सुटते. डोळ्याच्या खालून फुटलेला खुंटाचा फुटवा जोरात वाढला आणि वरचं कलम दबून मेलं. असा फुटवा दिसला की मुळापासून काढायचा.

न मागवलेली पाकिटं

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या टपालपेटीत बियांची पाकिटं येऊन पडली. कुणी मागवली नव्हती. बरीचशी चीनमधून आली होती आणि वर ‘दागिने’ असं काहीतरी लिहिलेलं होतं. सरकारी तपासणीत आत जास्वंद, गुलाब, लव्हेंडर, मोहरी, कोबी, पुदिना असलं बी निघालं. हे बहुधा ‘ब्रशिंग’ असावं, असा अंदाज निघाला. विक्रेता खोटी ऑर्डर दाखवतो, काहीतरी स्वस्त वस्तू खरंच धाडतो आणि त्या नावाने स्वतःलाच पाच तारे देतो. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही त्या ऑगस्टमध्ये राज्यांना सावध केलं होतं.

फुकटचं बी पेरायला काय हरकत? हरकत आहे. घाणेरी अशीच शोभेचं झाड म्हणून आली आणि आज ती आपल्या जंगलांत हटवता हटत नाही.

एक कांदा, सव्वा लाख

इंग्लंडात हिवाळा संपता संपता ‘स्नोड्रॉप’ नावाचं वीतभर उंचीचं पांढरं फूल येतं. त्याच्या वेड्यांचा वेगळाच पंथ आहे. ते गुडघे टेकून, भिंग लावून पाकळीवरचा हिरवा ठिपका तपासतात. २०१५ मध्ये ईबेवर ‘गोल्डन फ्लीस’ जातीचा एकच कांदा १,३९० पौंडांना गेला. तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपयांहून जास्त! फरक काय? ठिपका हिरव्याऐवजी पिवळा.

या वेडाचे आजोबा सतराव्या शतकातले हॉलंडमधले ट्युलिपवाले. पाकळ्यांवर ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या ट्युलिपच्या कांद्यांचे भाव आभाळाला भिडले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळले. पट्ट्यांचं रहस्य उलगडायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. तो विषाणूचा रोग होता आणि पसरवत होता मावा. ज्या माव्याला आपण ग्रुपवर शिव्या घालतो, त्याच्याच कृपेने तिथे लोक गबर झाले आणि बुडालेही.

मिकी माऊस आणि सीतेची आसवं

कॅलिफोर्नियातलं लेक एल्सिनोर हे सुमारे सत्तर हजार वस्तीचं गाव. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या डोंगरावर नारिंगी पॉपी फुलली, फोटो इन्स्टाग्रामवर चढले आणि एका शनिवार-रविवारी लाखभर माणसं उतरली. रस्ते तुंबले, फुलं तुडवली गेली, गावाने हात टेकले. २०२३ मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा प्रशासनाने तो भागच बंद ठेवला. कॅनडात हॅमिल्टनजवळच्या एका कुटुंबाने २०१८ मध्ये आपलं सूर्यफुलांचं शेत फोटोसाठी खुलं केलं होतं. हजारो गाड्या आल्यावर त्यांनी जे कुलूप लावलं ते कायमचं.

आपल्या कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दीही तशीच वाढली. म्हणून दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. तिथे उभं राहून गालिच्याचा फोटो काढणारे पुष्कळ, गुडघ्यावर बसणारे थोडे. बसलं की दिसतं पिवळं ‘मिकी माऊस’. कवल्याच्या या फुलाला खरंच दोन कान असतात. शेजारी निळसर जांभळी सीतेची आसवं. इतकं नाजूक नाव, पण झाड मांसाहारी! चिखलात त्याच्या बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव टेकला की पिशवीचं दार सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडतं, पाण्यासकट त्याला आत ओढतं आणि बंद होतं.

कारवीचं कॅलेंडर

‘नीलकुरिंजी फुलली, बारा वर्षांतून एकदा!’ हा फॉरवर्ड मात्र दर वर्षी फुलतो. मुन्नारच्या नीलकुरिंजीचे मोठे बहर २००६ आणि २०१८ मध्ये झाले, पुढचा २०३० मध्ये. मधल्या वर्षांत बहुतेक वेळा दिसतात ते जुने फोटो, नाहीतर तिच्या इतर बहिणी. या कुळात अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. आपली कारवी त्यांतलीच, आठ वर्षांची. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. एकदाच सगळी एकत्र फुलते, मधमाश्यांची चंगळ होते, बी धरलं की सगळी एकत्र वाळते. पूर्वी तिच्याच काठ्यांचे कूड घालून घरं उभी राहत.

दुसरा लाडका फॉरवर्ड बहाव्याचा. ‘बहावा फुलला, पंचेचाळीस दिवसांत पाऊस!’ बहावा फुलतो एप्रिल-मेमध्ये, पाऊस येतो जूनमध्ये. चुकायला जागाच कुठे आहे? हवामान खातं केरळात मान्सून आल्याचं जाहीर करताना चौदा ठिकाणचा पाऊस, वाऱ्याची दिशा-वेग आणि ढगांची स्थिती बघतं. बहाव्याचं मत विचारात घेत नाही.

रंग बदलणारी मंडळी

मधुमालतीच्या घोसात तीन रंग एकदम दिसतात. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. पांढऱ्यावर रात्री पतंग येतात, रंगीत झाल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. एकाच दुकानाच्या दोन पाळ्या!

हायड्रेंजियाचा रंग तर माती ठरवते. आम्लधर्मी मातीत निळा, अल्कधर्मी मातीत गुलाबी. ‘कुंडीत गंजके खिळे पुरा, निळा होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण निळाई लोखंडाची नसतेच, ती अ‍ॅल्युमिनियमची असते. खिळ्यांपेक्षा तुरटी जास्त कामाची, कारण तुरटीत ते असतं. अर्थात बेताने, नाहीतर रंग पाहायला झाडच राहायचं नाही. निळ्या गोकर्णाच्या चहात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो, त्या रीलमागेही आम्लाचाच खेळ आहे.

केळीचं साल, अंड्याचं कवच आणि पिठ्या ढेकूण

ग्रुपवरच्या घरगुती टॉनिकांची यादी कधी संपत नाही. केळीच्या सालीत पालाश आहे हे खरं, पण साल कुजल्यावरच त्यातला बहुतांश झाडाला मिळतो. रात्रभर भिजवलेल्या पाण्यात त्यातला थोडाच उतरतो. अंड्याच्या कवचात चुना आहे हेही खरं, पण जाडंभरडं कवच मातीत विरायला वर्षं जातात. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. झाडाला ते कमी पडत असेल तरच उपयोग. थोडक्यात, हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाकावं आणि निवांत राहावं.

आता जास्वंदीकडे वळू, कारण सर्वाधिक प्रश्न तिचेच. फोटो मोठा करून बघा. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं असतं. तो पिठ्या ढेकूण. खालच्या पानावर चकचकीत चिकटा आणि देठावरून मुंग्यांची येजा. मुंग्या कळ्या खात नाहीत. ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट अडवायची, मग पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी साबणाचं पातळ पाणी किंवा निमतेल.

एक सावधगिरी. त्या गर्दीत एखादा भलामोठा, झिपऱ्या झिपऱ्या असलेला ‘पिठ्या ढेकूण’ झपाझप चालताना दिसला तर थांबा. ती एका ढालकिड्याची अळी असू शकते. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो आणि त्याची अळी वेष पांघरून त्यांच्यातच वावरते. ‘बापरे केवढा मोठा, चिरडून टाकला!’ असं लिहिणाऱ्या कित्येकांनी बागेतला फुकटचा कामगार मारलेला असतो.

डार्विनची पोस्ट

प्रश्न टाकायचा आणि अनोळखी लोकांच्या उत्तरांची वाट बघायची, ही सवय इंटरनेटपेक्षा जुनी. इंग्लंडात १८४१ मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ हे साप्ताहिक सुरू झालं. चार्ल्स डार्विन त्यात बागवानांना प्रश्न विचारायचे. १८५५ मध्ये त्यांनी विचारलं, ‘समुद्राच्या पाण्याने बी मरतं का?’ स्वतःही बाटल्यांत खारं पाणी भरून बिया भिजत घातल्या होत्या. काहींच्या पाण्याला असह्य घाण सुटली, तरी पुष्कळ बिया रुजल्या. बी समुद्रावरून तरंगत बेटांवर पोचू शकतं, या त्यांच्या मुद्द्याला त्याने बळ मिळालं.

आजचे ‘हे कोणतं फूल?’वाले त्याच परंपरेतले. ‘इ-फ्लोरा ऑफ इंडिया’ हा गूगल ग्रुप २००७ पासून भारतीय झाडं ओळखून देतो आहे. त्यात हौशी आणि वनस्पतितज्ज्ञ शेजारी शेजारी बसतात. ‘आयनॅचरलिस्ट’ २००८ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून जन्मलं. आता तिथल्या नोंदी संशोधनात वापरल्या जातात.

झटपट सात

• झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर पितरांच्या सणाला त्याच्या राशी लागतात, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागेच. शिवाय त्याची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवर घालतात.

• निशिगंधही मेक्सिकोचाच. देव्हाऱ्यातली निम्मी परडी परदेशी आहे म्हणा ना!

• पांढऱ्या चाफ्यात मध नसतोच. वासावर भुललेले पतंग रिकाम्या पोटी परततात, पण परागीकरण होऊन जातं.

• गुलबक्षीने आनुवंशिकता शिकवली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी तिच्या चट्ट्यापट्ट्यांच्या पानांवरून दाखवलं की काही गुण फक्त आईकडूनच येतात.

• सदाफुली मादागास्करची. तिच्यातल्या द्रव्यांपासून रक्ताच्या कर्करोगावर औषध निघालं, पण म्हणून पानं चघळायची नाहीत. ती विषारी आहेत.

• बोगनवेलीच्या रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे पानंच, खरं फूल आतलं इवलंसं पांढरं. ती १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये नोंदवणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाचा मदतनीस जहाजावर पुरुषवेशात वावरणारी झान बारे होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री.

• लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात बागेतल्या टोपीवाल्या बुटक्यांच्या पुतळ्यांना बंदी असते. २०१३ मध्ये शंभरीनिमित्त ती तेवढ्यापुरती उठवली.

ग्रुपवर विचारायचं तर असं विचारा

१. एकच फोटो नको. अख्खं झाड, पानाची मागची बाजू आणि बिघडलेली जागा जवळून.

२. गाव सांगा. कोल्हापूरचा पाऊस आणि जळगावचं ऊन यांना एकच सल्ला चालत नाही.

३. ऊन किती तास लागतं, कुंडी केवढी, पाणी किती वेळा, हे आधीच लिहा. नाहीतर पहिली दहा उत्तरं म्हणजे हेच प्रश्न.

४. सांगितलेल्या पाच उपायांपैकी एका वेळी एकच करा. पाचही केलेत तर झाड कशाने सुधारलं, किंवा कशाने गेलं, ते कळायचं नाही.

५. झाड सुधारलं तर परत येऊन सांगा. ‘प्रश्न विचारून गायब’ ही जमात माव्यापेक्षा झपाट्याने वाढते आहे.

६. फांदी हवी असेल तर फोटोखाली ‘अप्रतिम’ लिहून आशाळभूतपणे थांबू नका, सरळ मागा. पावसाच्या तोंडावर जास्वंद, मधुमालती, बोगनवेल छाटायचीच असते. देणाऱ्यालाही कचरा टाकायचा एक फेरा वाचतो.